कणगीचा तळ

आमच्या घरातल्या कणगीचा तळ मी कधी पाहिला नव्हता. आईनेही पाहिला नव्हता, आणि ती त्या घरात लग्न होऊन आली त्याला जमाना झाला. कणगी म्हणजे भात साठवायची कोठी, बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, कमरेइतकी उंच. घणसोलीच्या खाडीजवळ तळवलीतलं जुनं घर पाडून बिल्डरने टॉवर उभा केला तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "आई, ही कशाला वर न्यायची? रिकामी करून टाकू." आईने त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा त्या दिवशी जेवायला तिच्यासमोर बसला नाही. शेवटी कणगी आतल्या भातासकट लिफ्टमध्ये उभी करून नवव्या मजल्यावर आली आणि आईच्या खोलीत एसीच्या खाली बसली. अजून तिथेच आहे.

तिचा नियम साधा. भात खा, वाटा, लेकीबाळींना द्या, पण तळ दिसेल इतकं काढायचं नाही. नवं पीक आलं की ते आधी वरून ओतायचं, आणि मगच बुडाशी असलेला चिंधीचा बोळा काढून जुनं खालून सोडायचं. त्यामुळे कणगी कायम भरलेली, आणि तरी आतलं भात कधी जुनं होत नाही. देशाची मोठमोठी गोदामं याच पद्धतीने चालवायची असतात, हे मला पुढे नोकरीत कळलं. ती तशी चालत नाहीत, हेही तिथेच कळलं.

आतलं भात आमचं खारं भात. लाल तांदळाचं, टोकाला लांब कूस असलेलं, हाताला टोचणारं. खाडीच्या खाऱ्या जमिनीत दुसरं काही तग धरत नाही, तिथे हे येतं. नांगरणी नाही, लावणी नाही. भात भिजवायचं, पोत्यात दाबून ऊब द्यायची, मोड आले की चिखलात फेकायचं. याला आमच्याकडे रहू म्हणतात. बाबाच्या तरुणपणी शेतीखात्याचे साहेब आले होते, म्हणाले, हे भात सोडा, याचा उतारा तो काय, देशाला धान्य पाहिजे, सुधारित बी घ्या. बाबाला ते पटलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली जुनं ते सगळं सोनं म्हणायची फॅशन आहे. परदेशातून बोटीने आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर घेऊन खाल्लेला माणूस तो. जनावरांचं खाणं आपल्याला घातलं, असं म्हणायचा आणि थुंकायचा. नव्या बियाण्यांनी देशाचं पोट भरलं ही गोष्ट खरीच आहे. पण आमच्या जमिनीत ते नवं बी खारट पाण्याने जळून गेलं. पुढे शहर वसवायला सरकारने जमीनच घेतली, तेव्हा बी कुठलं हा प्रश्नच संपला.

संपला असं आम्हाला वाटलं. आईला नाही. तिच्या भावाचं, माझ्या मामाचं, उरणकडे मोरा बंदराच्या अलीकडे खारं शेत होतं. दर दिवाळीनंतर आई जुनं भात घेऊन जायची आणि नवं घेऊन यायची. बाबा गेला, त्या वर्षीही सुतक फिटल्यावर गेली. "माझ्यामागं दुसरा काय नाय रायला तरी चालल," मला म्हणाली होती, "ह्यो बी तेवढा जिता राहू दे."

मी लग्न करून नेरूळला आले आणि नोकरी धरली ती बंदराकडच्या गोदामांमध्ये माल तपासायची. कंपनी खाजगी. बोटीतून डाळ उतरते, तूर, मसूर, पिवळा वाटाणा. मी टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसते, आतला दाणा हातावर घेते, किडका किती, ओला किती, भेसळ काय ते बघते. नळी खोलवर घालायची, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात.

या नोकरीत दिल्लीचा निर्णय पेपरात यायच्या आधी आमच्या फाटकावर येतो. आयात शुल्क शून्य केलं की ट्रकांची रांग लागते. परत लावलं की गोदामाला कुलूप. एका वर्षी तूर पिकवा म्हणून शेतकऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, आणि त्याची तूर बाजारात आली की बाहेरची बोट धक्क्याला. तांदळाची बाहेर विक्री कधी बंद, कधी चालू. सरकारी कोठारं तांदळाने फुटायला आली म्हणून त्यातला काही दारूच्या भट्टीसारख्या कारखान्यात, इथेनॉल काढून पेट्रोलमध्ये मिसळायला. आणि फोडणीचं तेल? ते तर बहुतेक बोटीनेच. मग मीच म्हणते, बाई गं, तू त्या बोटींवरच पोट भरतेस, फार बोलू नकोस. शहरात डाळ महागली की माझी शेजारीण सरकारच्या नावाने बोटं मोडते, गावाकडे डाळ स्वस्त झाली की तिचाच भाऊ मोडतो. दोघांच्या मधोमध बसून निर्णय घ्यायचा म्हणजे खायचं काम नाही. पण एवढं मात्र खरं की कोठार भरलेलं आहे यावरून घर कुणाच्या जिवावर चाललंय ते कळत नाही.

त्या गोदामांत मला पहिल्यापासून भीती वाटते. कबुतरांची किंवा उंदरांची नाही, ती तिथे नसण्याची. कीड मारायला थप्प्यांवर प्लास्टिकचं जाड कापड घालतात, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात आणि आत विषारी धूर सोडतात. कवटीचं चित्र लावून दार बंद. काही दिवसांनी उघडून हवा खेळती केली की आम्ही आत जातो. भर दुपारी, बाहेर रणरणतं ऊन, आणि आत इतकं धान्य की एक गाव वर्षभर जेवेल, पण मुंगी नाही, माशी नाही, कोळ्याचं जाळं नाही. दारातून वारा आला की कापड हळूच फुगतं आणि खाली बसतं. माझ्याबरोबरचे लोक तिथे मोठ्याने बोलत नाहीत. का, ते कुणी कधी विचारलं नाही.

मग मामाच्या शेताचा बाहेरचा बांध फुटला. खाडीचा बांध एकट्याने बांधता येत नाही, सगळ्या गावाने उतरावं लागतं, आणि गावातले निम्मे आता कंपन्यांत आणि निम्मे प्लॉटच्या भानगडीत. पाणी आत आलं ते राहिलं. चिपीची खारफुटी वाढली. त्या दिवाळीला आई रिकाम्या हाताने परत आली, आणि पुढच्याही.

भाताच्या बियाण्याचा जीव फार नसतो. वर्षभर उत्तम, दुसऱ्या वर्षी अर्धं, पुढे राम भरोसे. आई कणगीला कान लावून बसायला लागली. भाऊ म्हणाला, "हिला डॉक्टरकडे नेऊया." मी एका रविवारी गेले, तिला हसले आणि गंमत म्हणून मीही कान लावला. आत चुरचुर चालली होती. बारीक, सलग, खूप तोंडं एकदम खात असल्याची. दोन वर्षं ऊन न दाखवलेलं भात, कीड लागणारच, यात नवल काही नाही, आणि कीड ओळखण्याचाच मी पगार घेते. तरी मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, दुसरा काहीतरी आवाज पाहिजे म्हणून.

आषाढात पुन्हा गेले. पाऊस धरला होता. आई पलंगावर भिंतीकडे सरकून बसलेली आणि तिच्या बाजूला गोधडीखाली कोणीतरी निजलेलं. भावाला मूल नाही. मी विचारलं, "कोण आलंय गं?" आईने ओठावर बोट ठेवलं. मी गोधडीवर हात ठेवला. आत ऊब होती, चांगली ताप आलेल्या अंगासारखी, आणि आंबूस वास.

"हात काढ," आई हळू आवाजात म्हणाली. "निजू दे. थंडी लागल त्याला."

आई गेली हातातून, एवढंच मनात आलं. मी बाहेर येऊन वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, दोन दिवस हेच चाललंय, गोधडी कुणाला उचलू देत नाही, रात्री त्याला पाणी पाजते. आम्ही दोघी भर दिवसा हॉलमध्ये दिवे लावून बसलो. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, रहू मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण एसी चालू असलेल्या नवव्या मजल्यावरच्या खोलीत ते डोक्यात येतंय कुणाच्या!

दोन-तीन आठवड्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. बेसमेंटमध्ये कोणीतरी आहे. आमच्या टॉवरच्या बेसमेंटचा मागचा भाग बिल्डरने कच्चाच सोडलाय, पत्रे लावून. उधाणाला तिथे दर पावसाळ्यात पाणी येतं. गंमत म्हणजे ते पाणी एका रेषेपर्यंतच येतं, कधी त्याच्यापुढे नाही, आणि ती रेषा घराला लागून असलेल्या आमच्या जुन्या शेताच्या बांधाची. इंजिनिअरने त्याचं काहीतरी कारण सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "पान्याला आपली हद्द ठावं हाय." आता वॉचमन म्हणत होता की दुपारचं पत्र्यामागे पाण्यात कोणी चालतंय, चपक चपक, आणि टॉर्च मारला की थांबतं. एका ड्रायव्हरने पत्र्याच्या फटीतून बघितलं आणि तो गाडी तिथेच टाकून वर पळाला. म्हणे जमिनीतून केस उगवलेत. पांढरे.

ग्रुपवर कुणी पूजेची वर्गणी सुचवली, कुणी लिहिलं की इथे शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांचे तळतळाट. भाऊ चिडला, "अरे, ते शेतकरी आम्हीच! मी वर बसून मॅच बघतोय." पण खाली जायला तोही तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "तू जा, तुला गोदामांची सवय आहे."

मी दुपारी बारा वाजता गेले. रॅम्पवरून उजेड येतो तो पत्र्यांपर्यंत. एक पत्रा सरकवला, मोबाईलचा टॉर्च धरला. पाणी ओसरलं होतं, चिखल होता, आणि त्या चिखलातून खरंच काहीतरी पांढुरकं वर आलं होतं, बारीक, लांब, दाट. वारा नव्हता तरी सगळं एकाच बाजूला झुकलेलं. सगळी टोकं माझ्याकडे. मग मागे वळून बघितलं आणि लक्षात आलं की माझ्यामागे रॅम्पचा उजेड आहे, ती टोकं त्या उजेडाकडे वळलीत. खाली बसून एक उपटलं. मुळाशी लाल दाण्याचं फोलपट, त्याला लांब कूस. चिखलात पावलं होती, लहान, एक पाय ओढत टाकलेली. माझ्या आईची पावलं मी कुठेही ओळखेन.

वर गेले ती भांडायलाच. "वेड लागलंय का तुला? अंधारात, पाण्यात, घसरून पडली असतीस म्हणजे? आणि सगळं बी टाकलंस? सगळं?"

"मी येडी नाय झाले," आई शांतपणे म्हणाली. "कनगीत मरत हुता. गोधरीत बगितला, थोऱ्याच दान्यांना मोर आले. मंग दुपारचा, सगले निजले का, थोरा थोरा नेऊन सगला टाकला. शेत त्याच, पानी त्याच."

"अगं, वर छप्पर आहे! ऊन कुठंय?"

ती बघतच राहिली माझ्याकडे. पाणी आहे, चिखल आहे, खार आहे, हे सगळं तिने बघितलं होतं. उन्हाचा विचारच तिला सुचला नव्हता. कसा सुचेल? शेताला ऊन असायचंच, ते कधी कुणाला आणावं लागलं नव्हतं. तिचा चेहरा असा पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कणगीच्या झाकणाला हात घातला तर ती ओरडली, "उघरू नको!" मी नाही उघडलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटी पंप लावून चिखल उपसणार होती, वर औषध मारणार होती. मी बाजारातून आंब्याचे रिकामे क्रेट आणले, आत प्लास्टिक घातलं, आणि मी न् भाऊ संध्याकाळपर्यंत चिखलासकट रोपं उचलून गच्चीवर नेत राहिलो. भाऊ सगळा वेळ शिव्या घालत होता, पण रोपं अशी धरत होता की बाबाचीच आठवण यावी. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका बाईने विचारलं, "ते... तेच आहे का?" भाऊ म्हणाला, "हो, चावत नाही." ती जिन्याने गेली.

गच्चीवर पहिल्याच उन्हाने निम्मी रोपं जळाली. काही कबुतरांनी उपटली. उरली त्यांना मी घणसोलीच्या खाडीचं पाणी कॅनमधून आणून पावसाच्या पाण्यात मिसळून घातलं. हळूहळू ती हिरवी झाली. दसऱ्याच्या आसपास लोंब्या आल्या, आणि आई तेव्हाच आजारी पडली. हॉस्पिटलमधून रोज एकच विचारायची, "दाना भरला का?" बहुतेक लोंब्या पोचट होत्या. सगळं मळून, पाखडून हातात आलं ते मूठभर भात. अगदी मूठभर.

आई घरी येणार त्याच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, "नवं भात बघायला ती आल्या आल्या हात घालणार कणगीत. रिकामी लागली तर खचेल." पनवेलच्या गिरणीतून त्याने सुधारित जातीचं भात आणलं, दोन गोण्या. झाकण काढलं आणि दुसरीकडे बघत ओतलं. तळ त्यानेही पाहिला नाही. मी आमचं मूठभर वर पसरलं. छान दिसत होती कणगी, भरलेली, वर लालसर टोकांची साय. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी गोदामात वाटतं तसंही वाटलं.

आईला आता नीट दिसत नाही. तिला धरून आणलं. तिने झाकण काढायला लावलं, वरचं भात बोटांनी चाचपलं. कूस टोचली तशी हसली. तिचं ते हसू बघून भाऊ माझ्याकडे बघून मान हलवत होता, बघ, जमलं. मग तिने हात आत घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, आणि तिथेच थांबली. मला पहिल्यांदा जाणवलं की कणगीत आता काहीच आवाज नाही. गिरणीतलं भात, धूर दिलेलं असणार.

"वरचा आपला हाय," आई म्हणाली. "खालचा कोनाचा गो?"

रोज परक्यांच्या पोत्यांत नळी खुपसून मी हेच विचारते. भाऊ म्हणाला, "आई, भातच आहे ना. भरली तर आहे." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"काढ सगला."

"तळ दिसेल, आई."

"दिसू दे."

वरचं मी वेचून आईच्या पदरात घातलं, तोवर तिने बोळा काढू दिला नाही. मग बुडाचा बोळा काढला. गिरणीचं भात वाहत राहिलं, लादीवर ढीग झाला, भाऊ गोणीत भरत राहिला. शेवटी मी वाकून आत टॉर्च मारला. तळ दिसला. शेणाने सारवलेला, वाळून भेगाळलेला, आणि मधोमध पंजाचा ठसा. बाईचा हात, लहान, पाचही बोटं उमटलेली. कोणाचा, ते आईला सांगता आलं नाही. तिच्या सासूचा असेल, सासूच्या सासूचा असेल. लिंपताना टेकवला असेल, आणि भाताखाली इतकी वर्षं तो तसाच होता.

आईने पदरातलं भात माझ्या ओंजळीत दिलं. मी ते आत सोडलं. बरोबर त्या पंजात मावलं, बाहेर चार दाणेही सांडले नाहीत.

"झाकला का तल?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हाताएवढाच झाकलाय."

"मंग पुढल्या आषाढात," आई म्हणाली, "गच्चीवर टाक. ऊन हाय तिथं."